संगणकाची डागडुजी : आज की उद्या?

ता. १२ मे २०१७, शुक्रवार. त्या दिवशी इंग्लंडमधील अनेक सरकारी रुग्णालयांतील संगणकांच्या पडद्यांवर एक लाल चौकट झळकू लागली. ‘तुमच्या सर्व फायली कुलूपबंद केल्या आहेत; ३०० डॉलर भरा, म्हणजे किल्ली मिळेल,’ अशा अर्थाचा मजकूर तीत होता. डॉक्टरांना रुग्णांची टिपणे दिसेनात, तपासण्यांचे निकाल मिळेनात. काही ठिकाणी रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णालयांकडे वळवाव्या लागल्या. ह्या हल्ल्याचे नाव ‘वॉनाक्राय’. दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याने पछाडले.

ता. १९ जुलै २०२४. हाही शुक्रवारच. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी ‘क्राउडस्ट्राइक’ ह्या कंपनीने संगणकांचे रक्षण करणाऱ्या आपल्या आज्ञावलीसाठी एक नवी फाईल जगभर धाडली. ती पोहोचताच संगणक कोलमडून निळे पडदे दाखवू लागले. सुमारे ८५ लाख यंत्रे बंद पडली. विमानतळांवर रांगा लागल्या. आपल्याकडेही काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची पाळी आली.

विद्यार्थी मित्रहो, ह्या दोन शुक्रवारांची तुलना करून पाहा. पहिल्या शुक्रवारी ज्यांनी संगणकाची दुरुस्ती लांबणीवर टाकली होती ते संकटात सापडले. दुसऱ्या शुक्रवारी नवी फाईल ज्यांच्याकडे ताबडतोब पोहोचली ते सापडले! मग शहाण्या माणसाने करावे तरी काय? ‘अति घाई संकटात नेई’ ही रस्त्याकडेची पाटी खरी मानावी, की ‘आजचे काम उद्यावर टाकू नये’ हा शाळेतील सुविचार? गंमत अशी, की ह्या प्रश्नाला गणिताच्या साह्याने बरेच चांगले उत्तर देता येते. तेच आज आपण पाहू.

ठिगळ कशाला लागते?

संगणकाचे यंत्र आणि आपण वापरतो त्या आज्ञावल्या ह्यांच्या मध्ये एक मोठी आज्ञावली काम करीत असते. तिला ऑपरेटिंग सिस्टिम किंवा कार्यप्रणाली म्हणतात. कळफलकावरील अक्षर ओळखणे, फाईल तबकडीवर लिहिणे, छपाईयंत्राला कागद ओढायला सांगणे, एका वेळी चाललेल्या अनेक कामांना पाळी लावून देणे ही सारी कामे तीच करते. विंडोज, लिनक्स, मॅकओएस ही अशा कार्यप्रणालींची नावे तुम्ही ऐकली असतीलच.

कार्यप्रणाली आकाराने प्रचंड असते. एकट्या लिनक्सच्या गाभ्यात तीन कोटींहून अधिक ओळी आहेत. माणसाने लिहिलेल्या एवढ्या मोठ्या मजकुरात चुका राहणे अटळ आहे. बऱ्याचशा चुका निरुपद्रवी असतात. पण काही चुका म्हणजे घराच्या मागील भिंतीला पडलेले भगदाडच. त्यातून परका माणूस आत शिरू शकतो. असे भगदाड सापडले, की ती कार्यप्रणाली तयार करणारे ते बुजवणारा एक छोटा दुरुस्तीसंच पाठवतात. त्याला इंग्रजीत ‘पॅच’ म्हणजे ठिगळ म्हणतात. आपल्या पडद्यावर ‘अपडेट उपलब्ध आहे’ अशी सूचना येते, तेव्हा बहुधा अशी दहा-वीस ठिगळे एकत्र बांधून आलेली असतात.

पूर्वी ही ठिगळे केव्हाही येत. कचेरीतील संगणक सांभाळणाऱ्या माणसाला त्यामुळे कामाची आखणीच करता येत नसे. म्हणून मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ठिगळे प्रसिद्ध करण्याचा प्रघात पाडला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. आपल्याकडे त्या वेळी ऋतूनुसार रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा. म्हणजे आपल्या कचेऱ्यांच्या दृष्टीने हा ‘दुसऱ्या मंगळवारनंतरचा बुधवार’ झाला.

घड्याळ सुरू होते

येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात घ्या. ठिगळ प्रसिद्ध झाल्याने भगदाड बुजते, हे खरे. पण ते लावणाऱ्याचेच. न लावणाऱ्याचा धोका उलट वाढतो! असे का व्हावे?

समजा, गावातील सर्व घरांना एकाच बनावटीचे कुलूप आहे. कुलपाच्या कारखान्याने एके दिवशी सर्वांना एक नवी पट्टी पाठवली आणि सांगितले, ‘ही कुलपात बसवा.’ चोरानेही ती पट्टी मिळवली. पट्टी कोठे बसते हे पाहिले, की जुन्या कुलपाचे मर्म कोठे आहे हे त्याला आपोआप कळते. संगणकातही असेच होते. जुनी फाईल आणि दुरुस्त केलेली फाईल शेजारी ठेवून ताडून पाहिल्या, की भगदाड नेमके कोठे होते ते तज्ज्ञाला उलगडते. म्हणजे ठिगळ बाहेर आले, की एक घड्याळ सुरू होते.

ह्या घड्याळाची काही खरी मोजमापे पाहा. २४ जुलै २००२ रोजी मायक्रोसॉफ्टने माहितीसाठ्याच्या एका आज्ञावलीतील भगदाडासाठी ठिगळ दिले. २५ जानेवारी २००३ रोजी ‘स्लॅमर’ नावाची जंतूसारखी पसरणारी आज्ञावली त्याच भगदाडातून घुसली. मधे सहा महिने गेले होते. पुढे १६ जुलै २००३ रोजी विंडोजसाठी दुसरे एक ठिगळ आले आणि ११ ऑगस्टला ‘ब्लास्टर’ हा जंतू अवतरला. ह्या वेळी मधे अवघे २६ दिवस! वॉनाक्रायच्या बाबतीत ठिगळ १४ मार्च २०१७ रोजी आले. १४ एप्रिलला ‘शॅडो ब्रोकर्स’ ह्या नावाने वावरणाऱ्या गटाने त्या भगदाडातून घुसण्याचे हत्यारच जगजाहीर केले आणि १२ मे रोजी हल्ला झाला. ठिगळापासून मोजल्यास ५९ दिवस.

एकदा हल्ला सुरू झाला, की मग धावपळ करून उपयोग नसतो. स्लॅमरचा जंतू केवळ ३७६ बाइट लांबीचा होता. मराठीतील दोन-तीन वाक्यांएवढा. सुरुवातीला पछाडलेल्या यंत्रांची संख्या दर साडेआठ सेकंदांनी दुप्पट होत होती. भौतिकीच्या पुस्तकात युरेनियममधील साखळी-अभिक्रियेचे वर्णन येते, तिचीच ही आवृत्ती. १, २, ४, ८, १६ असे दुप्पट करीत जा; सोळा पायऱ्यांत ६५ हजारांचा टप्पा ओलांडला जातो. प्रत्यक्षात स्वतःच्याच गर्दीने जाळे तुंबल्यामुळे त्याचा वेग पुढे मंदावला. तरीही पछाडता येण्याजोग्या यंत्रांपैकी सुमारे नव्वद टक्के यंत्रे दहा मिनिटांच्या आत त्याने गाठली. दहा मिनिटांत माणूस चहासुद्धा संपवत नाही!

घाईचा धोका

मग ठिगळ आले रे आले, की सर्व यंत्रांना एकदम लावून टाकावे असे तुम्ही म्हणाल. थांबा. ठिगळ हीसुद्धा आज्ञावलीच आहे आणि तीही माणसानेच लिहिलेली. तिच्यातही चूक असू शकते.

क्राउडस्ट्राइकची फाईल कार्यप्रणालीची नव्हती, संरक्षक आज्ञावलीची होती; पण ती आज्ञावली कार्यप्रणालीच्या गाभ्यात बसून काम करीत असल्याने तिची चूक सर्व यंत्राला भोवली. चूक काय होती? एका प्रकारच्या माहितीसाठी २१ रकाने ठरवलेले होते. पण संगणकातील आज्ञावली प्रत्यक्षात २० रकानेच पुरवीत होती. एकविसावा रकाना वाचायला गेलेली आज्ञावली स्मृतीच्या भलत्याच भागात शिरली आणि यंत्र कोलमडले. कंपनीने ७८ मिनिटांतच ती फाईल मागे घेतली. परंतु तोवर बंद पडलेल्या असंख्य यंत्रांपर्यंत ही दुरुस्ती जाळ्यामार्फत पोहोचू शकत नव्हती! एकेका यंत्रापाशी माणसाने जाऊन ते विशेष पद्धतीने सुरू करायचे आणि ती फाईल हाताने पुसायची, असे काम पुढे कितीतरी दिवस चालले.

ह्या घटनेतील आणखी एक धडा महत्त्वाचा आहे. कित्येक संस्थांनी ‘नवी आवृत्ती आम्हांला थोडी उशिरा द्या’ असे त्या आज्ञावलीला सांगून ठेवले होते. पण ही सूचना मुख्य आवृत्तीला लागू होती. रोज येणाऱ्या अशा छोट्या फायलींना नव्हती. त्या सर्वांकडे एकदमच गेल्या. ह्या अपघातानंतर कंपनीने अशा फायली टप्प्याटप्प्याने पाठवण्यास आणि ग्राहकाला निवड देण्यास सुरुवात केली.

कार्यप्रणालीच्या अपडेटनेही असा हिसका दिला आहे. विंडोज १० ची एक मोठी आवृत्ती २ ऑक्टोबर २०१८ रोजी बाहेर पडली. काही लोकांच्या कागदपत्रांच्या फायली तिने पुसून टाकल्या. चारच दिवसांत तिचे वाटप थांबवावे लागले आणि सुधारलेली आवृत्ती १३ नोव्हेंबरला आली. मायक्रोसॉफ्टने सांगितले, की अशा तक्रारी दहा हजार वापरकर्त्यांत एखादीच होत्या. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

दोन वक्ररेषांची बेरीज

आता गणिताकडे वळू. ठिगळ आल्यापासून किती दिवस थांबावे, हा आपला प्रश्न. थांबण्याने घाईचा धोका कमी होतो, कारण ठिगळातील चूक तोवर इतरत्र उघडकीला येते. पण थांबण्याने उशिराचा धोका वाढतो. समजा, घाईचा धोका आज १६ गुण आहे आणि दर तीन दिवसांनी तो निम्मा होतो. (किरणोत्सर्गी पदार्थाचा अर्धायुकाल आठवला ना?) उशिराचा धोका रोज १ गुणाने वाढतो. हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. कोष्टक असे होईल :

० दिवस : घाई १६, उशीर ०, एकूण १६
३ दिवस : घाई ८, उशीर ३, एकूण ११
६ दिवस : घाई ४, उशीर ६, एकूण १०
९ दिवस : घाई २, उशीर ९, एकूण ११
१२ दिवस : घाई १, उशीर १२, एकूण १३
१५ दिवस : घाई ०.५, उशीर १५, एकूण १५.५

आलेखाच्या कागदावर हे बिंदू मांडा. एक रेषा उतरणारी, दुसरी चढणारी आणि त्यांची बेरीज द्रोणाच्या आकाराची दिसेल. द्रोणाचा तळ सहाव्या दिवसाच्या आसपास आहे. दोन्ही टोके सारखीच वाईट आहेत, हे पाहून ठेवा : पहिल्याच क्षणी धाव घेणारा आणि पंधरा दिवस झोपणारा, दोघेही जवळजवळ सारखाच धोका पत्करतात.

द्रोणाचा तळ बराच सपाट आहे, हेही पाहा. तिसऱ्या दिवशी ११, सहाव्या दिवशी १०, नवव्या दिवशी ११. म्हणजे ‘पाचवा दिवस बरा की सातवा?’ ह्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. कोणताही एक दिवस ठरवा आणि तो पाळा. खरे नुकसान होते ते काहीच न ठरवल्याने. कारण काहीच न ठरवणारा हळूहळू घसरत उजव्या टोकाला जाऊन पडतो.

आता आकडे बदलून पाहू. त्या भगदाडातून हल्ले आधीच सुरू झाले आहेत असे कळले, तर उशिराचा धोका रोज १ ऐवजी ५ गुणांनी वाढेल असे धरू. मग शून्य दिवसांना एकूण १६, तीन दिवसांना ८ + १५ = २३, सहा दिवसांना ४ + ३० = ३४. द्रोणाचा तळ सरकत सरकत शून्य दिवसावर आला! म्हणजे अशा वेळी थांबूच नये. उलट, एखादे यंत्र जाळ्याला जोडलेलेच नाही आणि त्याचा उशिराचा धोका रोज पाव गुणानेच वाढतो असे धरले, तर तळ बाराव्या दिवसाजवळ जातो. ते गणित तुम्हीच करून पाहा. थोडक्यात, सर्व ठिगळांना आणि सर्व यंत्रांना एकच वेळापत्रक लावणे चुकीचे आहे. धोका बदलला, की तळ सरकतो.

हल्ले सुरू झाले आहेत, हे कळणार कसे? मायक्रोसॉफ्ट आपल्या मासिक पत्रकातच कोणत्या भगदाडाचा गैरवापर होत असल्याचे आढळले आहे ते नमूद करते. आपल्या देशात ‘सर्ट-इन’ ही सरकारी संस्था २००४ सालापासून धोक्याच्या सूचना प्रसिद्ध करीत आली आहे. अमेरिकेच्या सरकारने नोव्हेंबर २०२१ पासून प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या भगदाडांची जाहीर यादी ठेवण्यास सुरुवात केली. यादीत आलेल्या नव्या भगदाडाला त्यांच्या सरकारी खात्यांनी सर्वसाधारणपणे दोन आठवड्यांत ठिगळ लावावे, असा नियम त्या वेळी केला गेला.

शितावरून भाताची परीक्षा

वाट पाहताना हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. आई भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी एखादे शीत चेपून पाहते. तसे काही थोड्या संगणकांना आधी ठिगळ लावावे, चार दिवस पाहावे आणि मग बाकीच्यांना लावावे. मोठ्या संस्था हेच करतात. पाण्यात खडा टाकल्यावर तरंगांची वर्तुळे पसरत जातात, तसे आधी लहान वर्तुळ, मग मोठे.

पण किती शिते चेपावीत? समजा, ठिगळात असा दोष आहे, की वीसपैकी एका संगणकाला तो बाधतो. एका संगणकावर तपासले, तर दोष न दिसण्याची शक्यता ०.९५. दोन्हींवर न दिसण्याची ०.९५ × ०.९५. दहा संगणकांवर तपासले तर ०.९५ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.६०. म्हणून दहा यंत्रांवर दोष सापडण्याची शक्यता ४० टक्केच! वीस यंत्रांवर ती ६४ टक्के होते आणि ९० टक्क्यांपर्यंत पोहोचायला ४५ यंत्रे लागतात. चाळीस संगणकांच्या कचेरीत ४५ यंत्रांची चाचणी कोठून घ्यायची?

येथे भाताची उपमा अपुरी पडते. पातेल्यातील सारी शिते एकाच तांदळाची असतात. कचेरीतील संगणक तसे नसतात. आणि दोषही आंधळेपणाने वाटले जात नाहीत. एखादा दोष विशिष्ट छपाईयंत्र जोडलेल्या संगणकांनाच बाधतो, दुसरा जुनी हिशेबाची आज्ञावली असलेल्यांनाच. म्हणून चाचणीचे संगणक अशा रीतीने निवडावेत, की प्रत्येक जातीचा निदान एक नमुना त्यांत यावा. एका पातेल्यातील दहा शिते चेपण्यापेक्षा चार पातेल्यांतील एकेक शीत चेपणे अधिक शहाणपणाचे! नेमकी निवड केली, तर चार यंत्रेही वीस यंत्रांचे काम करतात.

तरीही काही दोष निसटणारच. मघाचा दहा हजारांत एक हा आकडा आठवा. तसा दोष वीस यंत्रांच्या चाचणीत सापडण्याची शक्यता ०.२ टक्के. म्हणजे अशा पाचशे कचेऱ्यांनी चाचणी घेतली, तर सरासरीने एका कचेरीला तो दिसेल. असे दुर्मिळ दोष शोधण्याची प्रयोगशाळा एकच : सारे जग. आपण सहा दिवस थांबतो तेव्हा जगभरातील लाखो यंत्रे आपल्यासाठी चाचणी घेत असतात. त्यांच्या तक्रारींकडे कान द्यायला मात्र हवेत. नुसते थांबणे आणि ऐकत थांबणे ह्यांत फार अंतर आहे. आणि सर्वांनीच थांबायचे ठरवले, तर चाचणी घेणार कोण? म्हणून आपलेही चार संगणक पुढे करणे, हा एका अर्थाने शेजारधर्मच आहे.

एका पतसंस्थेचे वेळापत्रक

आता हे सारे एका उदाहरणात बसवू. तालुक्याच्या गावी एक पतसंस्था आहे असे समजा. तिच्याकडे ४० संगणक आणि एक सर्व्हर म्हणजे सर्वांची खाती सांभाळणारे मुख्य यंत्र आहे. तिचे मासिक वेळापत्रक असे आखता येईल.

बुधवार, पहिला दिवस : पत्रक वाचावे. हल्ले सुरू असलेले भगदाड त्यात आहे काय, हे पाहावे. असल्यास नेहमीचे वेळापत्रक बाजूला ठेवून चार यंत्रांवर त्याच दिवशी तपासावे आणि संध्याकाळपर्यंत सर्वांना ठिगळ लावावे.

गुरुवार, दुसरा दिवस : नेहमीच्या महिन्यात चार नमुना यंत्रांना ठिगळ लावावे. एक रोखपालाचे, एक कर्ज विभागाचे, एक सर्वांत जुने आणि एक संगणक सांभाळणाऱ्याचे स्वतःचे. पासबुक छापून पाहावे, दिवसाचा ताळमेळ काढून पाहावा. केवळ ‘यंत्र सुरू झाले’ ही चाचणी नव्हे.

सोमवार, सहावा दिवस : तक्रार नसेल, तर आणखी बारा यंत्रे.

बुधवार, आठवा दिवस : उरलेली चोवीस यंत्रे. हे काम आठवड्याच्या मध्याला केले, की बिघाड झाल्यास निस्तरायला पुढचे दोन दिवस हाताशी असतात.

रविवार, बारावा दिवस : सर्व माहितीची जादा प्रत काढून, ती उघडते ह्याची खात्री करून, मग सर्व्हर.

मंगळवार, चौदावा दिवस : मोजदाद. एकही यंत्र मागे राहता कामा नये. रजेवर गेलेल्या कारकुनाचा, पंधरा दिवस बंद असलेला संगणक हमखास विसरला जातो आणि जंतूला तेवढे एकच दार पुरते.

ह्यातील एक छोटी गंमत पाहा. दुसरा मंगळवार नेहमी ८ ते १४ तारखेदरम्यान येतो. त्यात १४ मिळवा. काम २२ ते २८ तारखेच्या आत संपते. म्हणजे महिनाअखेरची गर्दी आपोआप टळते. मार्चअखेर मात्र ह्याहून थोडी अधिक सावधगिरी हवी. आपल्याकडे आणखी एक पथ्य पाळावे लागते : ठिगळ लागत असताना वीज जाऊ नये. भारनियमनाची वेळ पाहून, बॅटरीची सोय असेल तरच काम हाती घ्यावे; अर्धवट लागलेले ठिगळ न लागलेल्याहून वाईट.

विंडोजच्या व्यावसायिक आवृत्त्यांत असे टप्पे आखण्याची सोय असते. मासिक ठिगळे ३० दिवसांपर्यंत आणि मोठ्या नव्या आवृत्त्या ३६५ दिवसांपर्यंत पुढे ढकलता येतात. मोठ्या आवृत्तीत बरेच काही बदलते, तेव्हा तिला अधिक अवधी द्यावा. शाळांना ह्या कामासाठी मे महिन्याची सुटी उत्तम. मात्र कोणतीही आवृत्ती कायमची नसते. विंडोज ७ ची नेहमीची ठिगळे १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. त्यानंतर खास नोंदणी करून काही काळच ठिगळे मिळू शकतात. म्हणून वेळापत्रकाच्या शेवटच्या पानावर ही ‘निवृत्तीची तारीख’ लिहिलेली असावी.

ठिगळ लावताच येत नाही तेव्हा

आता पुन्हा इंग्लंडच्या रुग्णालयांकडे वळू. तेथील लोक आळशी होते का? त्या देशाच्या लेखापरीक्षण संस्थेने ऑक्टोबर २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, इंग्लंडमधील २३६ आरोग्य-ट्रस्टांपैकी निदान ८० ट्रस्टांना झळ पोहोचली आणि रुग्णांच्या १९ हजारांहून अधिक भेटी रद्द झाल्या असाव्यात. ठिगळ लावा, अशी सूचना मार्च आणि एप्रिलमध्ये दिली गेली होती. काहींनी ती पाळली नाही, हे खरे. पण काही अडचणी खऱ्या होत्या. शरीराची चित्रे घेणाऱ्या काही यंत्रांत जुनी कार्यप्रणाली पक्की बसवलेली असते. यंत्राच्या उत्पादकाशिवाय तिला हात लावता येत नाही, आणि रुग्ण रांगेत असताना यंत्र बंदही ठेवता येत नाही.

अशा यंत्राचे काय करावे? संसर्गजन्य रोगाच्या रुग्णाला आपण वेगळ्या खोलीत ठेवतो. तसे ते यंत्र जाळ्यातून वेगळे काढावे, किंवा त्याच्यापर्यंत मोजक्याच वाटा ठेवून बाकीच्या बंद कराव्यात. मघाच्या भाषेत सांगायचे, तर उशिराची चढणारी रेषा आपण हाताने वाकवून मंद करतो. अहवालाचेही म्हणणे असेच होते : बाहेरच्या जाळ्याकडील दारे नीट राखली असती, तरी ठिगळाविना पुष्कळ रुग्णालये वाचली असती.

त्या दिवशी जगाला दैवानेही हात दिला. पसरण्यापूर्वी तो जंतू एका विचित्र नावाच्या संकेतस्थळाकडे विचारणा करीत असे आणि उत्तर आले तर थांबत असे. मार्कस हचिन्स ह्या ब्रिटिश तरुणाने ते नाव थोड्याशा पैशांत नोंदवले आणि साथ ओसरू लागली. पण अशा दैवयोगावर कोणी वेळापत्रक आखू नये.

करून पाहा

सापशिडीचा एक फासा घ्या. फाशावर ६ पडणे म्हणजे ‘ठिगळातील दोष सापडणे’ असे माना. वर्गातील प्रत्येकाने फासा चार वेळा टाकावा आणि एकदा तरी ६ पडले का ते सांगावे. साठ मुलांच्या वर्गात सुमारे एकतीस हात वर होतील. म्हणजे दोष सहांतील एका यंत्राला बाधणारा असूनही, चार-चार यंत्रे तपासणाऱ्या जवळजवळ निम्म्या कचेऱ्यांना तो दिसलाच नाही! आता चारऐवजी आठ वेळा टाका. किती हात वर होतील, ते आधी गणिताने काढा आणि मग मोजा. फाशांच्या अशाच प्रश्नांवर पास्काल आणि फर्मा ह्या फ्रेंच गणितज्ञांनी १६५४ साली एकमेकांना पत्रे लिहिली आणि त्यांतूनच संभाव्यतेचे शास्त्र उदयाला आले.

शिक्षकांनी आणखी एक काम मुलांना द्यावे. शाळेच्या संगणक कक्षातील प्रत्येक यंत्रापुढे बसून तीन गोष्टी वहीत टिपून घ्याव्यात : कार्यप्रणाली कोणती, शेवटचे ठिगळ कोणत्या तारखेला लागले आणि त्या आवृत्तीची निवृत्तीची तारीख कोणती. मग दुसऱ्या मंगळवारपासूनचे चौदा दिवस कागदावर आखून, कोणते यंत्र कोणत्या दिवशी घ्यायचे ते ठरवा आणि तो कागद कक्षाच्या दारावर चिकटवा. पुढच्या महिन्यात पंधराव्या दिवशी पुन्हा मोजदाद करा. किती यंत्रे मागे राहिली, हा आकडा दर महिन्याला आलेखावर मांडत गेलात, तर तुमच्या कक्षाची प्रकृती कशी आहे ते त्या एका रेषेवरून कोणालाही वाचता येईल.